बारा पेले

बारावा गडीही तेवढंच अंतर कापून सायकलवरून उतरला, तेव्हा डॉक्टरबाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली.

"काय झालं, बाई? कमी पडलो का?" पैलवानाने घाम पुसत विचारलं. पैलवान हे त्याचं टोपणनाव. एरवी तो डोंगरावर ओझी वाहायचा. बाकीचे अकराही त्याच कामातले.

"कमी नाही आणि जास्तही नाही. तेच तर दुखणं आहे!"

बाईंचा प्रश्न तसा साधा होता. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळून कीटोन नावाचं इंधन बनवतं. तेच इंधन आयतं पाजलं, तर विरळ हवेत माणूस जास्त जोरात सायकल मारेल का? पहिला आठवडा सगळ्यांनी नुसतीच सायकल मारली. मग बाटल्या आल्या. सहा जणांच्या बाटलीत खरं कीटोन, सहा जणांच्या बाटलीत नुसतं कडू पाणी. कुणाच्या नशिबी काय, हे पिणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि बाईंनाही नाही. बाटल्यांवर फक्त एक ते बारा आकडे. त्याचं उत्तर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या औषधवाल्याने पाकिटात बंद करून ठेवलेलं.

या नियमापायी बाईंनी स्वतःला स्वयंपाकघरात जायची बंदी घालून घेतली होती. एवढ्या उंचीवर बाटल्या गारठून घट्ट व्हायच्या, म्हणून मावशी रोज सकाळी ते औषध कोमट करून पेल्यांतून द्यायच्या. मावशी डोंगरावरच्या या संशोधन-ठाण्याचा स्वयंपाक बघायच्या. पेल्यांवर बाईंनी स्वतःच्या नेलपॉलिशने आकडे रंगवले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशींना समोर बसवून बजावलं होतं, "एक लक्षात ठेवा. दुसऱ्याला काही वेगळं मिळालं, असं एकालाही वाटता कामा नये."

"तीस वर्षं वाढतेय मी," मावशी जराशा घुश्शातच म्हणाल्या होत्या. "आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही."

आणि खरंच बोट दाखवायला जागा नव्हती. बारा रिकाम्या बाटल्या रोज धुऊन, आकड्यांप्रमाणे ओळीने मांडलेल्या असायच्या. बाई त्या मोजायच्या आणि वहीत बरोबरची खूण करायच्या.

बाकी मात्र सगळं आडवं जात होतं. रक्त तपासायच्या यंत्राने थंडीपुढे सुरुवातीलाच मान टाकली. दुरुस्तीवाला वर यायला तयार नव्हता. आणि आता हे बाराजण! कुणीतरी पुढे जावं, कुणीतरी मागे पडावं, तर नाही. ठरवून आल्यासारखे सगळे एका रांगेत.

"पैलवान, खरं सांग. तुम्ही पेल्यांची अदलाबदल करता ना?"

"करून काय मिळणार? एकमेकांचा घोट घेऊन बघितला होता एकदा. सगळ्यांचं तितकंच कडू. ढेकरासुद्धा सारख्याच."

बाई त्याच्यावर खेकसल्या, पण मनातून थोड्या सुखावल्याही. खऱ्याखोट्याची चव जुळवायला त्यांनी आठ महिने घालवले होते. निदान तेवढं तरी साधलं म्हणायचं.

वरिष्ठ सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या मोसमात फरक दिसला नाही तर ठाणं बंद. सहा वर्षं बाई या पत्र्याच्या खोल्यांत काढत होत्या. घरी लेक तेवढ्यात लिहायवाचायला शिकली होती आणि आता आईला चिठ्ठ्या लिहायची. या वेळी काहीतरी हाती घेऊनच येते, असं बाई नवऱ्याला सांगून निघाल्या होत्या. तो नुसताच "बरं" म्हणाला होता. ते "बरं" त्यांना अजून टोचत होतं.

शेवटच्या दिवशी पाकीट फुटलं. बाईंनी आकडे दोन रकान्यांत लिहिले, बेरजा तीनदा केल्या आणि सरांना फोन लावला.

"किती फरक?"

"काहीच नाही, सर. पण बाराही जण पहिल्या आठवड्यापेक्षा चांगलेच पुढे गेलेत. माझी एवढी अपेक्षाही नव्हती."

"ती उंचीची सवय. खोटं पाणी प्यायलेलेही तेवढेच पुढे गेलेत ना?"

"तेवढेच."

"मग झालं तर. कीटोनचा उपयोग नाही, असं स्पष्ट लिहा आणि ठाण्याला कुलूप लावून खाली या."

बाईंनी अहवाल लिहिला आणि पाठवून दिला. मग दार लावून घेतलं आणि पोटभर रडल्या. रडून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

सामान बांधून झालं. आता बंदी पाळण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून त्या पहिल्यांदाच स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. चुलीवर भलंमोठं पातेलं होतं आणि फळीवर बारा पेले पालथे घातलेले. मावशींनी ताट वाढलं.

"एवढं तोंड का पाडलंय, बाई?"

"सहा वर्षं पाण्यात गेली, मावशी. ज्यांना खरं औषध दिलं ते आणि ज्यांना खोटं दिलं ते, सगळे एकाच मापाचे निघाले."

मावशी हातातला डाव बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसल्या.

"ते खऱ्याखोट्याचं माझ्याही कानावर आलं होतं, बाटल्या आल्या त्याच दिवशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वाईट वाटलं हो. घाम बारा जणांनी गाळायचा आणि औषध सहाच जणांना? पण तुम्ही इतकं बजावलं होतंत, तेव्हाच मी ओळखलं की तुमच्याही जिवाला ते लागलंय."

"काय ओळखलंत?"

"हेच, की माझ्या हातून पंक्तिप्रपंच होऊ नये," मावशींनी चुलीवरच्या पातेल्याकडे अभिमानाने पाहिलं. "पहिल्या दिवसापासून बाराही बाटल्या त्यात ओतायचे, नीट ढवळायचे आणि मगच पेले भरायचे; थेंबाचाही फरक पडू दिला नाही, बाई."