धायरीच्या विहिरीचा निकाल

पेशवाईतली गोष्ट. धायरीच्या पाटलाने खालच्या आळीला गावच्या विहिरीवर पाणी भरायला मनाई केली, तेव्हा आळीने पुण्याच्या न्यायसभेत फिर्याद नेली. आळीतली सोजरबाई सरपण विकायला पुण्याला जायची, म्हणून तिलाच पुढे केले. निकाल लागेपर्यंत खालच्या आळीने विहिरीला हात लावायचा नाही, असा सभेने हुकूम दिला आणि आळीने तो पाळला. बाया कोसभर लांबच्या ओढ्यावरून पाणी आणत राहिल्या आणि सोजरबाई दर तारखेला पुण्याला जात राहिली. कधी न्याय देणारे शास्त्रीबुवा आजारी, कधी कारकून स्वारीवर, तर कधी कागदच सापडायचे नाहीत.

अखेर बाराव्या वर्षी शास्त्रीबुवांनी निकाल सांगितला. "बाई, पाण्याचा हक्क वहिवाटीवरून ठरतो. गेली बारा वर्षे तुमच्या आळीने त्या विहिरीतून एक घागर भरलेली नाही. हक्क होता, तर इतकी वर्षे तुम्ही होता कुठे?"

सोजरबाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली.

"हितंच व्हते, महाराज. तुमच्या म्होरं."