गॅरेजची पार्टी

हॉटेलवाल्या बाईने न्याहारीच्या टेबलावर मुलांच्या चहापार्टीची तीन चित्रं मांडली: परी, राजकन्या, जलपरी. “परीच घेऊ,” आत्याने परस्पर ठरवून टाकलं. पाच वर्षांच्या चिमीने नाक मुरडलं. “मला आईच्या गॅरेजची पार्टी हवी.” आत्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. “सुट्टीत तरी त्या गॅरेजचं नाव नको! चारचौघांत शोभा होते.” गाड्या दुरुस्त करून कायमची काळी पडलेली नखं आईने टेबलाखाली लपवली. तोवर चमचा घेऊन चिमी उताणी सरपटत टेबलाखाली शिरली, आई गाडीखाली शिरते अगदी तशी. खालून आवाज आला, “आई, तुझे हात इथे काय करतायत?” आईने दोन्ही हात वर काढले आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ठेवले. “गॅरेजच करा, अवजारं मी देते,” तिने बाईला बजावलं. मग किटली उचलली. “वन्सं, साखर किती?”