खुर्चीचा झिजलेला हात

फायदा व्हर्नाचाच होता: दिवंगत सासऱ्यांनी घडवलेल्या झुलत्या खुर्चीचं चित्र वॉशिंग्टनला जाणार, पंचक्रोशीत तोरा तिचा. आम्हा पेनसिल्व्हेनियाकरांकडे पाहुण्याआधी रंगाचा डबा उघडतो. तिनं खुर्ची निळीशार रंगवली. मंदीत सरकारनं जुन्या वस्तू हुबेहूब चितारायला नेमलेला एमिल हबकला. “जुनी खुर्ची कुठंय?” “हीच की! तुमच्यासाठी चकाचक केली.” सासू लोविना खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत पुटपुटली, “इथला रंग ह्यांच्या तळव्यानं झिजलेला. तिथंच हात ठेवायचे मी.” “आजी, दिसेल तेवढंच काढायचा नियम आहे.” “मला दिसतंय ना! सांगते, तू काढ.” एमिलनं झीज रंगवली. त्याच्या साहेबांनी निळी खुर्ची पाहून ‘खोटं’ म्हणून चित्र परत धाडलं, त्याला घरी बसवलं. लोविना चित्रातल्या झिजेवर तळवा टेकवते. कागद गुळगुळीत लागतो, तरी हात काढत नाही. त्याचं मोल एमिल मोफत सूपच्या रांगेत मोजतोय.