हिराचा बाण

“मावशी, रूबेनचा फोन आला की एवढंच सांगा,” धनेश चहात खारी बुडवत म्हणाला. “सीबच्या किनाऱ्यावर पोरांना हिराचे बाण करून दिले. माझा बाण अलीकडेच पडला.”

“बाण?” रूबेनची आई शीलाबाई हसल्या. “अरे, तुझं वय काय, तू करतोस काय!”

“सांगा तर खरं. त्यालाही हसू येईल.”

“मी विसरेन रे. अलीकडे की पलीकडे?”

“अलीकडे, मावशी. थांबा, लिहूनच ठेवतो.” त्याने खिशातलं पेन काढलं आणि भिंतीवरच्या २०१४च्या कॅलेंडरवर, गुरुवारच्या चौकटीत, मोठ्या हिरव्या अक्षरांत शब्द लिहिला. चष्म्याशिवायही वाचता येईल असा.

पाच दिवसांपूर्वी आखातातल्या त्यांच्या कंपनीच्या इब्राच्या साइटवर परांची कोसळली. दोन मजूर इस्पितळात होते, त्यातला एक अजून शुद्धीवर आला नव्हता. परांची तपासल्याच्या कागदावर सही होती रूबेनची. मी सही केलेलीच नाही, असं तो सांगत राहिला, पण ऐकणारं कुणी नव्हतं. कंपनीतला जुना ड्रायव्हर रशीद त्याला गुपचूप खाबुऱ्याला, आपल्या खजुरीच्या बागेत घेऊन गेला होता. अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, त्याला पाठीशी घालणार की पोलिसांच्या हवाली करणार, ते कळेपर्यंत.

ते कळणार होतं फक्त धनेशला. तो ऑफिसात होता, पण त्याच्यासकट सगळ्यांचे फोन अर्बाबाने काढून घेतले होते. म्हणून निरोप शीलाबाईंमार्फत, आणि कुणी ऐकलं तरी कळू नये म्हणून आडवळणाने.

“तो येईल ना रे परत?”

“इन्शाल्ला! सगळं खलास, मिटलं. उद्या शुक्रवार, नारळाच्या रसातलं चिकन करा. मीही येतो जेवायला.”

“तू न बोलावता येतोसच की.”

धनेश हसत उठला. उरलेली खारी त्याने जाता जाता उचलली, लहानपणी उचलायचा तशीच.

गावाकडे, नवगावात दोघांची घरं शेजारी. रूबेनचं घर बेने इस्रायलांचं, मराठी ज्यूंचं. शनिवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून आजोबा अंगणात बसून दोन्ही पोरांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत. गाढवाच्या जबड्याने लढणारा शमशोन, मागाच्या दांड्याएवढा जाड भाला, दाविदाची गोफण. पोरांची आवडती गोष्ट मात्र बाणांची. शौल राजाच्या मनात काय आहे ते कळेना, म्हणून दाविद शेतात लपला. त्याचा जिवलग योनाथान बाण मारायच्या निमित्ताने तिथे आला. बाण वेचणाऱ्या नोकराला तो ओरडून सांगणार होता. बाण अलीकडे म्हटलं, तर दाविदाने खुशाल परत यावं. पलीकडे म्हटलं, तर जीव घेऊन पळावं. नोकराला कशाचाच पत्ता नव्हता.

पोरांनी तो खेळच केला. नारळाच्या झापाचे हीर सोलून बाण करायचे. रूबेनचा बाप चिडलेला असला की धनेश गडग्यावरून ओरडायचा, “बाण पलीकडे!”

शीलाबाई तेव्हा पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसे.

दिवस मावळताना फोन वाजला. रशीदचा नंबर.

“आई, गुडघा कसा आहे?”

“जागेवर आहे. जेवलास?”

“रशीदकाका उपाशी ठेवतात होय? धनेश आला होता?”

“आला होता. खारीचा पुडा संपवून गेला.”

पलीकडून रूबेन हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

“आई, त्या कागदाचा फोटो रशीदकाकांनी कुणाकडून तरी मिळवला. सही अगदी माझ्यासारखी आहे गं. पण हिरव्या शाईत. माझ्याकडे कुठलं हिरवं पेन?”

शीलाबाईंची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

“आई?”

“ऐकतेय. धनेशला विचारलंस?”

“त्याला काय विचारायचं? तोच तर शोधून काढणार आहे.”

“रूबेन, धनेशवर एवढा भरवसा...”

“त्याच्याबद्दल एक शब्द नको, आई. तुझं ऐकेन, पण हे नाही. तो सांगेल तसंच मी करणार. काकांची गाडी तयार आहे. तो म्हणाला तर सीबला येतो, नाहीतर...”

“नाहीतर काय?”

“काही नाही. तू त्याचा निरोप सांग. जसाच्या तसा.”

ओट्यावर चिकन काढून ठेवलेलं होतं. शुक्रवारच्या दिव्यासाठी वाती वळून झाल्या होत्या. चष्मा लावून शीलाबाई कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या.

“किनाऱ्यावर पोरांना हिराचे बाण करून दिले म्हणाला.”

“बरं. आणि?”

“आणि त्याचा बाण...”

“लिहिलंय ना त्याने? मग वाच की.”

“वाचते रे,” शीलाबाई म्हणाल्या. “पलीकडे पडला, बाळा. फार पलीकडे.”