ड्रोनमधला कॅम्पस

मढच्या एव्हलिनबाईंचा बंगला वर्षभर शूटिंगवाल्यांच्या ताब्यात. कधी पोलीस ठाणं, कधी मंत्र्याचं घर. आज काय झालंय, हे बाई विचारतसुद्धा नसत. दोरीवरचे कपडे काढा, एवढं एकच शूटिंगवाले बजावत, आणि नेमकं तेच त्या विसरत. गेल्या महिन्यात आलेले तर अंगणात उभे राहून नुसते आभाळाकडे बघत होते. बाईंना वाटलं, येडे झालेत.

आज लेकीच्या ॲडमिशनसाठी त्या अंधेरीला एका खासगी विद्यापीठाच्या चकाचक ऑफिसात बसल्या होत्या. समोरच्या टीव्हीवर ड्रोननं टिपलेला कॅम्पस झळकला. लाल कौलांची लायब्ररी, माडांची रांग, पलीकडे समुद्र. बाई हरखल्याच.

“बघ ब्रिजेट, याला म्हणतात जागा! नायतर आपलं घर. मी सडले तिथं, तू तरी सूट गं.”

फी भरली. काउंटरवरच्या मॅडमनी हसून अभिनंदन केलं आणि फिल्म पुन्हा लावली. या खेपेला ब्रिजेट टीव्हीला नाक लावून उभी राहिली.

“मम्मा,” ती म्हणाली, “लायब्ररीच्या मागं तुझा जांभळा गाऊन वाळतोय.”