अर्धी रिकामी डिस्क

साबेराने फ्लॉपी काढली, पुसली, पुन्हा घातली. नवी सिस्टिम कॉम्प्युटरच्या डिस्कवर चढता चढता परत थांबली. पडद्यावर तोच शेरा उमटला: फाइल तयार होत नाही.

शेजारच्या टेबलाशी विमला बिलं टाइप करत होती. बोटं कामात, कान तिकडे. सत्त्याऐंशी साली रत्नागिरीतल्या या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना. विमलाच एकटी पुस्तक समोर ठेवून, चुकतमाकत शिकली. दोन हंगाम तिने तो सांभाळला. आणि आता मालक बाबूशेठनी मुंबईला क्लास केलेली ही नाटे गावची पोर आणून त्याच्यापुढे बसवली, विमलाला परत टाइपरायटर दिला. साबेराचं हसणं, तिची सफाईदार बोटं, चहाचं आधी तिला विचारणारा शिपाई, सगळंच विमलाला सलत होतं.

म्हणून काल साबेरा जेवायला गेली असताना तिने डाव साधला. डिस्कच्या पहिल्या कप्प्यात ठरावीकच फायलींची नावं मावतात. तेवढी झाली, की डिस्क अर्धी रिकामी असली तरी तिथे नवी फाइल शिरत नाही. विमलाला हे एकदा ठेच लागून कळलं होतं. तो कप्पा तिने एकेका अक्षराच्या फुसक्या फायलींनी ठासून भरला.

दुपारी बाबूशेठ येऊन उभे राहिले. हंगाम तोंडावर आलेला आणि हिशेबाचा नवा प्रोग्राम या सिस्टिमशिवाय चालणार नव्हता. डिस्कवर जागा आहे का, त्यांनी विचारलं. अर्धी मोकळी आहे, साबेरा म्हणाली. मग घोडं अडलंय कुठे, असं विचारल्यावर मात्र ती पुन्हा फ्लॉपी पुसू लागली.

"उद्यापासून येऊ नको," ते शांतपणे म्हणाले.

साबेराने डबा पिशवीत घातला. विमला ज्या घडीची वाट बघत होती ती आली होती. पण तो डबा पिशवीत जाताना तिला बघवेना. ती उठली.

"शेठ, तिची चूक नाही. डिस्क मी भरून ठेवली. मुद्दाम."

तिने फुसक्या फायली पुसल्या. सिस्टिम सुरळीत चढली. बाबूशेठ तुमचं तुम्ही निस्तरा म्हणून निघून गेले.

विमलाला मान वर करवेना. "तुला काहीच कसं कळलं नाही गो?"

"सकाळीच कळलं," साबेरा म्हणाली. "त्या एकेका अक्षराच्या फायलींवर कालची तारीख आणि माझ्या जेवायची वेळ होती. पण असल्या चिमुकल्या फायलींनी डिस्क अडते, त्या पुसल्या की सुटते, हे मला क्लासात कुणी शिकवलं नव्हतं, ताई. तुम्हाला ते ठाऊक होतं. शेठना तुमचं नाव सांगायचं, तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली, असं वाटलं मला."