सरोजचा आळस

पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा इवलासा पेला सरोजच्या ओठांपाशी नेला आणि सरोजने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिचा नवरा उत्तम उजागरे खाटेच्या पायथ्याशी भाकरीची ताटली धरून उभा होता. डोंबिवलीच्या ख्रिस्ती मंडळीचा तो वडील. वयाने नव्हे, पदाने. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात हेच ताट त्याच्या हातात असायचं आणि ते कधी हललं नव्हतं. आज ठाण्याच्या इस्पितळात, भेटायला आलेल्यांच्या गलबल्यात, त्याने ताटली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. उद्या सकाळी सरोजला मुंबईला हलवायचं होतं, हृदयाच्या ऑपरेशनला. वाचेलच असं डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून तर तो पाळकसाहेबांना डोंबिवलीहून घेऊन आला होता. तिने प्रभुभोजन घेऊन, शांत मनाने जावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि तिने तोंड फिरवलं. माझ्या हातचं नको आहे तिला, उत्तमला वाटलं. त्याला ते रास्तच वाटलं.

उत्तम कामाला वाघ. नगरकडून आल्यापासून एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात त्याने एक खाडा केला नव्हता. देवाने हातपाय दिलेत ते हलवायला, असं तो येताजाता म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटायचं. पण गेलं वर्षभर त्याच्याच घरात कामं रेंगाळू लागली होती. खालच्या टाकीवरून पाणी आणताना सरोज दर मजल्यावर बादली टेकून बसायची. सकाळची भांडी दुपारपर्यंत मोरीत पडलेली. भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. खालच्या कलावतीबाई एकदा जिन्यात म्हणाल्या, "उत्तमभाऊ, वहिनींचे पाय बघा जरा. सुजलेत." उत्तमने उत्तर तयारच ठेवलं होतं. "बसून बसून दुसरं काय होणार?"

मग एका बुधवारी मंडळीची घरसभा, घरोघर होणारी प्रार्थना, त्यांच्याच घरी होती आणि संदेश द्यायची पाळी उत्तमची होती. त्याने विषय घेतला आळसाचा. पवित्र शास्त्रातली कष्टाळू मुंगी घेतली, धन्याने दिलेलं नाणं मातीत पुरून ठेवणारा नोकर घेतला. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. जमलेल्या बायका हळूच दाराकडे बघत होत्या, जिथे सरोज डोक्यावर पदर घेऊन बसली होती. सभा संपल्यावर तीच उठली आणि सगळ्यांना चहा दिला. आज बोलणं चांगलं रंगलं, असं मनाशी म्हणत उत्तमने तो चहा प्यायला.

त्यानंतर तर कमालच झाली. देवळात प्रभुभोजनाला सगळे उठून पुढे यायचे आणि सरोज बाकावर बसून राहायची. एकदा नव्हे, दर महिन्याला. ताट धरलेल्या उत्तमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवाच्या घरातसुद्धा हिला चार पावलं चालायचा कंटाळा!

परवा ती जिन्यात कोसळली आणि तिला इथे आणलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी उत्तमला बाजूला घेतलं. झडपेचं दुखणं जुनं होतं, लहानपणीच्या तापाचं. "अशा हृदयावर यांनी तीन मजले पाणी चढवलं?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तम बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडला. पण तिच्यापाशी येऊन, दुखणं जुनं आहे, एवढंही सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. ऑपरेशन करावं लागेल, इतकंच तो म्हणाला.

"सरोजताई," पाळकसाहेबांनी पेला खाली घेत विचारलं, "मनात कुणाविषयी काही अढी आहे का?"

"नाही हो, कुणाविषयी काही नाही." तिला एकेका वाक्याला थांबावं लागत होतं. "यांनीच सांगितलेलं घरसभेत. ज्याच्या अंगात आळस आहे, त्याने आधी तो टाकावा, मगच प्रभूच्या मेजाला यावं. मी लई झटले, पाळकसाहेब. रोज पहाटे गुडघे टेकून मागायचे. पण आळस काही जाईना. मग देवळात कुठल्या तोंडाने उठणार? आत्ता तरी कशी घेऊ?"

आपण ते वाक्य बोललो होतो. उत्तमला आठवलं. बोलता बोलता सुचलं होतं आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या.

त्याने ताटली तशीच खाटेवर ठेवली आणि फरशीवर गुडघे टेकले. भोवतालची माणसं वळून बघू लागली, पण त्याला कुणाचीच लाज उरली नव्हती. "अगं, तो आळस नव्हता! दुखणं होतं ते. कधीचं होतं, डॉक्टरच म्हणाले. मी आंधळा, मला दिसलं नाही. तुझ्यात पाप नाही, सरोज. माझ्यात आहे. घे गं, एवढं घे."

सरोज त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या मायेने तिने त्याच्याकडे कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. तिने सुजलेला हात कसाबसा उचलला आणि त्याच्या गालावरचं पाणी पुसलं.

"दुखणं तर आत्ता आलं हो," ती समजुतीने म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलू नका. मंडळीचे वडील आहात तुम्ही."